न वाजवता बेस गिटार मागवावी का?

पत्र

मी २६ वर्षांची असून अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात नोकरी करते. कॉलेजपासून ॲकॉस्टिक गिटार वाजवते. आमचा पाच जणांचा वाद्यवृंद आहे. जुनी मराठी-हिंदी गाणी करतो, थोडी स्वतःचीही. आमचा बेसवादक नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि त्याची जागा मी घ्यावी असे ठरले. मी पसंत केलेली बेस गिटार नाशिकच्या दुकानांत नाही. मुंबईला जायचे तर रजा टाकावी लागेल, आणि तिथेही तेच मॉडेल पाहायला मिळेल याची खात्री नाही. ऑनलाइन मात्र ती सहज मिळते आहे. वडील तबला वाजवतात. वाद्य हातात घेऊन पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, असे त्यांचे ठाम म्हणणे आहे. माझे हात लहान आहेत. सगळे मिळून २५,००० रुपये साठवले आहेत. ऑनलाइन मागवू का? चार तारांची घेऊ की पाच तारांची? आणि घरी आल्यावर नेमके काय तपासू?

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर

सप्रेम नमस्कार.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. बेस गिटार ऑनलाइन मागवायला हरकत नाही. पण मागणी नोंदवण्यापूर्वी कोणती ना कोणती बेस गिटार, मग ती दुसऱ्या कंपनीची असो वा कुणाची जुनी असो, अर्धा तास बसून आणि नंतर पट्टा लावून उभ्याने वाजवून पाहिलीच पाहिजे. तुमच्या पसंतीचे मॉडेल नाशिकात पाहायला मिळत नाही, म्हणून काहीच पाहता येत नाही असे होत नाही.

वडिलांचे म्हणणे मी हलके मानत नाही. तबल्याची पुडी हाताने बांधली जाते, शाईचे थर हाताने चढतात, आणि एकाच कारागिराच्या दोन तबल्यांची आस, म्हणजे वाजवल्यावर टिकणारा नाद, वेगळी निघते. मिरजेचा तानपुरा घ्यायचा तर प्रत्येक भोपळा निराळा. अशी वाद्ये कानांनी ऐकल्याशिवाय घेणे चूकच आहे. तुमच्या किमतीतली बेस गिटार मात्र कारखान्यात यंत्रावर कापलेल्या भरीव लाकडाची असते, आणि तिचा आवाज मुख्यतः तारा, पिकअप (तारांची कंपने पकडणारा विद्युत भाग) आणि ॲम्प (आवाज मोठा करणारे यंत्र) यांतून घडतो. एकाच मॉडेलच्या दोन नगांत फरक पडतो तो बहुतेक वेळा जुळणीचा, म्हणजे तारांची उंची, नेकचा (लांब दांड्याचा) बाक, फ्रेटची (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोके अशा गोष्टींचा असतो, आणि त्यातला मोठा भाग ॲलन की आणि पेचकस घेऊन दुरुस्त करता येतो. जे दुरुस्त करता येत नाही, म्हणजे नेकची लांबी आणि रुंदी, वजन, उभे राहिल्यावरचा तोल, ते त्या मॉडेलच्या सगळ्या नगांत जवळजवळ सारखेच असते. म्हणून आपल्या शरीराला ते वाद्य झेपते का, हे मागवण्याआधी ठरवावे. आणि हाती आलेला नग नीट बनला आहे का, हे परतीची मुदत संपण्याच्या आत ठरवावे. वडिलांचा नियम तुम्ही मोडत नाही आहात, तो दोन टप्प्यांत पाळता आहात.

तुमचे हात लहान आहेत, त्यामुळे पहिल्या टप्प्यात सर्वांत महत्त्वाचे माप म्हणजे नटपासून (नेकच्या डोक्याजवळची तारा टेकणारी पट्टी) ब्रिजपर्यंतची (धडावरचा तारा टेकणारा भाग) तारेची लांबी, जिला स्केल म्हणतात. बहुतेक बेस गिटारची स्केल ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर असते; पूर्ण आकाराच्या गिटारची साधारण साडेपंचवीस इंच, म्हणजे सुमारे ६५ सेंटिमीटर. हे आकडे नुसते वाचून काही कळत नाही, म्हणून ते बोटांच्या मापात सांगतो. पहिल्या फ्रेटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचे अंतर गिटारवर ९.७ सेंटिमीटर भरते, तर ३४ इंची बेसवर १३ सेंटिमीटर. ३० इंची, म्हणजे शॉर्ट स्केल बेसवर तेच अंतर ११.४ सेंटिमीटर असते. एका कागदी पट्टीवर ही तीन अंतरे आखा, पट्टी तुमच्या गिटारच्या नेकवर ठेवा आणि पहिले बोट एका खुणेवर व करंगळी दुसऱ्या खुणेवर टेकवून पाहा. मनगट न वाकवता, अंगठा नेकच्या मागे ठेवून ताण किती येतो, ते लगेच समजेल.

मात्र १३ सेंटिमीटर पोचत नाहीत म्हणून निराश होऊ नका. बेसवर खालच्या फ्रेटवर चार बोटे चार फ्रेटवर पसरण्याचा हट्ट धरायचा नसतो. पहिले बोट, मधले बोट आणि करंगळी अशी तीन फ्रेटांची बोटरचना, जी उभ्या डबल बेसच्या वादनातून आली, ती बेस गिटारवरही सर्रास वापरतात, आणि तिच्यात पहिल्या ते तिसऱ्या फ्रेटचे अंतर ८.९ सेंटिमीटरच भरते. म्हणजे तुमचा हात गिटारवर आज जेवढा पसरतो, त्याहून ते कमीच आहे. पाचव्या फ्रेटपासून आठव्यापर्यंत तर पूर्ण लांबीच्या बेसवरही अंतर १०.३ सेंटिमीटरवर येते. त्यामुळे माझा कल असा आहे की पट्टीवर आणि प्रत्यक्ष वाद्यावर हात दुखला नाही तर ३४ इंचीच घ्यावी, कारण तिच्यात पर्याय पुष्कळ मिळतात, तारा कुठेही मिळतात आणि सर्वांत जाड तार अधिक ताणलेली, म्हणून अधिक स्पष्ट वाजते. मनगट दुखले तर शॉर्ट स्केल निःसंकोच घ्या; तिला विद्यार्थ्यांचे वाद्य समजण्याचे कारण नाही.

स्केलनंतर नटजवळची रुंदी पाहा. स्वस्त बेस गिटारींपैकी बहुसंख्य दोन जुन्या आराखड्यांवर बेतलेल्या असतात: फेंडर कंपनीची १९५१ची प्रिसिजन आणि त्याच कंपनीची १९६०ची जॅझ. जॅझ पद्धतीचा नेक नटपाशी ३८ मिलिमीटरचा, प्रिसिजनचा साधारण ४१ ते ४२ मिलिमीटरचा. तीन-चार मिलिमीटरनी काय होते असे वाटेल, पण लहान हाताला जाड तारेपर्यंत पोचताना तो फरक जाणवतो. गिटारवरून बेसकडे येणाऱ्या तुमच्यासारख्या वादकाला मी अरुंद नेक सुचवेन.

वजन साधारण साडेतीन ते साडेचार किलो असते, आणि दोन तासांच्या सरावात अर्ध्या किलोचा फरक खांद्याला कळतो. दुकानात उभ्याने वाजवताना दोन्ही हात क्षणभर सोडून पाहा: नेकचे टोक आपोआप खाली झुकत असेल, तर डावा हात वाजवण्याऐवजी वाद्य सावरण्यात गुंतेल. विक्रीच्या पानावरील छायाचित्रातही याचा अंदाज येतो. पट्ट्याची वरची खुंटी साधारण बाराव्या फ्रेटपर्यंत पुढे आलेली असेल, तर तोल बहुधा बरा असतो. धड आखूड आणि नेकचे डोके मोठे असेल, तर सावध राहावे.

ही पाहणी करायला मुंबई गाठावी लागत नाही. नाशिकच्या वाद्यांच्या दुकानात एखाद-दुसरी बेस असतेच, जरी ती तुम्हाला घ्यायची नसली तरी. जाताना मोजपट्टी न्या. त्याशिवाय चर्चच्या गायनवृंदातला, लग्नसमारंभातल्या वाद्यवृंदातला किंवा नवरात्रात गरब्याला वाजवणारा बेसवादक ओळखीतून शोधा. दहा जणांची मते वाचण्यापेक्षा त्याच्या वाद्यावरचा अर्धा तास अधिक उपयोगी पडेल, आणि पुढे सेटअपसाठी, म्हणजे वाद्याच्या जुळणीसाठी, माणूस कोण चांगला, हेही त्याच्याकडूनच कळेल.

आणखी एक गोष्ट. ऑनलाइन चित्रफिती ऐकून आवाजाची निवड करणार असाल, तर मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. चार तारांच्या बेसची खालची मोकळी तार सेकंदाला सुमारे ४१ कंपनांची असते. एवढा खालचा स्वर मोबाइलचा स्पीकर वाजवूच शकत नाही, आपल्याला ऐकू येतात ती त्यावरची उपस्वरांची पुटे. चांगले हेडफोन लावून ऐका, आणि तरीही लक्षात ठेवा की त्या चित्रफितीत वादकाची बोटे, नव्या कोऱ्या तारा आणि ध्वनिमुद्रणातले संस्कार हे सारे मिसळलेले असते.

चार तारा की पाच, याचे माझे उत्तर चार. पाचवी तार सेकंदाला ३१ कंपनांपर्यंत खाली जाते, आणि तुमच्या पैशात येणारा लहान ॲम्प तिला न्याय देऊ शकणार नाही. शिवाय स्वस्त वाद्यात ती तार बऱ्याचदा सैल आणि अस्पष्ट वाजते, नेक रुंद होतो, वजन वाढते. तुमचा गायक काळी एकमध्ये गात असेल, तर षड्जासाठी खाली पाचवी तार हवीच असे नाही. दुसऱ्या जाड तारेच्या चौथ्या फ्रेटवर तो षड्ज भरदार मिळतो. जुन्या गाण्यांसाठी चार तारा पुरेशा आहेत.

आता विक्रेत्याबद्दल. वाद्याच्या किमतीपेक्षा परतीच्या अटी आधी वाचा, आणि त्या वाचताना ‘परत घेऊ’ आणि ‘बदलून देऊ’ यांतला भेद पाहा, कारण अनेक ठिकाणी पैसे परत न देता फक्त दुसरा नग पाठवण्याची सोय असते. मुदत किती दिवसांची, ती खोके हाती आल्यापासून मोजतात की मागणी नोंदवल्यापासून, परत पाठवण्याचा वाहतूकखर्च कोणाचा, मूळ खोके आवश्यक आहे का, वॉरंटीची दुरुस्ती नाशिकात होईल की वाद्य मुंबईला पाठवावे लागेल, हे सगळे लेखी विचारा. रवाना करण्यापूर्वी सेटअप करून देतात का आणि त्याच नगाचे वजन व छायाचित्र पाठवतात का, हेही विचारावे. वाद्यांचाच व्यवसाय करणारे विक्रेते अशा प्रश्नांना बहुधा नीट उत्तर देतात. ज्याच्याकडून उत्तरच येत नाही, त्याच्याकडून शे-पाचशे रुपये स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये.

कायद्याची बाजू नेमकी माहीत असावी. ‘घेतली, पण आवडली नाही’ एवढ्या कारणावरून ऑनलाइन वस्तू परत करण्याचा सरसकट हक्क आपल्याकडे कायद्याने दिलेला नाही. ती सवलत विक्रेत्याच्या धोरणावर अवलंबून असते. वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, तर मात्र ती परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, असे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० सांगतात. त्याच नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि एका महिन्यात ती निकाली काढावी. तेवढ्यानेही भागले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे विक्रेता कुठल्याही शहरातला असला तरी तुम्ही नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करू शकता. मला वाटते, तिथवर वेळ येणार नाही. पण विक्रेत्याची लेखी उत्तरे आणि खोके उघडतानाचे चित्रीकरण जपून ठेवले, तर पहिल्याच पायरीवर तुमची बाजू भक्कम राहते.

खोके आल्यावर प्रथम त्याच्या सहाही बाजूंचे, विशेषतः कोपऱ्यांचे चित्रीकरण करा आणि मग न थांबवता ते उघडा. नेकचे डोके नेकला जिथे मिळते तिथे, नटच्या मागे आणि नेक व धड यांच्या जोडाशी केसाएवढी भेग दिसते का ते उजेडात पाहा. त्यानंतर वाद्य पिशवीतच काही तास खोलीत राहू द्या. गोदामाची आणि ट्रकची हवा वेगळी, तुमच्या घरातली वेगळी; नाशिकच्या कोरड्या थंडीत तर दमट हवेतून आलेल्या नेकचे लाकूड किंचित आक्रसते आणि फ्रेटची टोके कडेला हाताला लागू लागतात. ती हलकी बोचत असतील तर परतीची मुदत संपल्यावर कानस मारून घेता येते, त्यासाठी वाद्य परत करू नये.

मग तारा स्वरात लावा आणि नेकचा बाक पाहा. चार तारांचा मिळून ताण साधारण ७० ते ८० किलो भरतो, आणि तो पेलण्यासाठी नेकच्या पोटात ट्रस रॉड नावाची पोलादी सळई असते. जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि धडाला नेक मिळतो तिथल्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरा. मध्यभागी, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी, तार आणि फ्रेट यांच्यात जाडसर व्हिजिटिंग कार्डाएवढी, म्हणजे सुमारे ०.३ मिलिमीटर फट असावी. बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची दोन ते अडीच मिलिमीटर असली की लहान हाताला सोयीचे पडते. ही मापे चुकलेली निघाली तर घाबरू नका, नव्या वाद्यात ती बहुधा चुकलेलीच असतात, आणि ‘ही बेस वाजवायला फार कडक आहे’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा एवढ्यातच असते. ट्रस रॉड फिरवायचा तर एका वेळी पाव फेरा, आणि मग थांबून पुन्हा मोजायचे. पण पहिल्या वेळी हे जाणकाराकडून करून घ्या, आणि परतीची मुदत चालू असताना कापाकापी, कानस वा इतर कायमचा बदल करू नका.

यापुढची तपासणी वडिलांना शेजारी बसवून करा, हे मी मनापासून सांगतो, कारण तबला स्वरात लावण्याची सवय असलेल्या कानाला सूक्ष्म फरक चटकन कळतो. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर बोट नुसते टेकवून तार छेडा, मग तिथेच तार दाबून छेडा. दोन्ही स्वर एक असावेत. दाबलेला स्वर चढा असेल तर ब्रिजवरचे सॅडल (तार जिच्यावर टेकते ती छोटी घोडी) मागे, उतरा असेल तर पुढे सरकवावे लागते. हा दोष नाही, जुळणी आहे. त्यानंतर प्रत्येक तारेवरचा प्रत्येक फ्रेट सावकाश वाजवा, घाई करू नका, कारण खरे दोष इथेच सापडतात. सगळीकडे सारखी खरखर असेल तर तारा खाली आहेत, त्या वर घेता येतील. एकाच फ्रेटवर स्वर मरत असेल किंवा दोन लगतचे फ्रेट एकच स्वर देत असतील, तर तिथला किंवा त्याच्या पुढचा फ्रेट उंच किंवा उखडलेला आहे, आणि हे परतीचे कारण आहे. सर्वांत बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर इतरांपेक्षा लवकर विरतो. लाकूड त्या कंपनाशी समरस होऊन त्याची शक्ती खाते, म्हणून हे महागड्या बेसमध्येही घडते, आणि तेवढ्यावरून वाद्य नाकारू नये. नेक मात्र पिळवटलेला असेल, म्हणजे धडाच्या टोकाकडून नेकवर नजर लावली असता नटची आणि ब्रिजची रेषा समांतर दिसत नसेल, किंवा दोन्ही कडांच्या तारा नेकच्या मधोमध बसत नसून एक तार कडेवरून घसरत असेल आणि नेकचे स्क्रू सैल करून सरळ केल्यावरही तसेच राहत असेल, तर चर्चा न करता ते परत करा.

विद्युत भाग तपासताना सगळी बटणे दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. खरखर, आवाज तुटणे, एक पिकअप न वाजणे हे दोष आहेत. जॅझ पद्धतीच्या बेसमध्ये एकच पिकअप चालू ठेवला तर गुणगुण येते आणि दोन्ही पूर्ण उघडले की ती जाते. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होणे हेही सामान्य आहे. तारांना हात लावला की ती वाढत असेल, तर आधी घरातल्या तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंग आहे का ते दुसऱ्या सॉकेटवर लावून पाहा, आणि मग वाद्यावर ठपका ठेवा.

२५,००० रुपयांपैकी सर्व रक्कम वाद्यावर घालू नका. मी १५ ते १६ हजारांच्या आसपास बेस, उरलेल्यात लहान बेस ॲम्प किंवा हेडफोनवर वाजवण्याचे साधन, सात-आठ सेंटिमीटर रुंदीचा पट्टा, आणि स्थानिक कारागिराकडून एक नीट सेटअप असा हिशेब धरेन. तुमच्याकडे गिटारचा छोटा ॲम्प असेल तर त्यावर बेस मोठ्याने वाजवू नका, त्याचा स्पीकर एवढ्या खालच्या स्वरांसाठी नसतो आणि फाटू शकतो. इमारतीत राहत असाल तर पहिल्या वर्षी हेडफोनच अधिक कामी येतील, आणि तालमीच्या जागी मोठा ॲम्प असतोच.

मागणी कधी नोंदवावी, हेही ठरवून करा. दसरा-दिवाळीच्या सुमारास वाहतूक तुंबते आणि परतीचे व्यवहार रेंगाळतात, म्हणून ते दिवस टाळा. खोके तुमच्या साप्ताहिक सुटीच्या आदल्या दिवशी घरी पोचेल असा अंदाज बांधा, म्हणजे रात्रभर वाद्य खोलीच्या हवेत राहील आणि दुसऱ्या दिवशी वडील व तुम्ही दोघे मिळून निवांत तपासू शकाल. मुदतीचा शेवटचा दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि शंका असेल तर त्याच्या दोन दिवस आधीच विक्रेत्याला लेखी कळवा.